भरदुपारचा छबिना

वेशीजवळचं घर,
मु. पो. माळवेस, ता. जि. अहिल्यानगर
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

श्री. आदिनाथ भाऊजी यांस,

रविवार, दि. २० एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, भैरवनाथाच्या देवळाच्या पायरीवर मी स्वतः जिवंत, शुद्धीवर आणि मांडी घालून बसलेली असताना, माझ्या घराचं उत्तर दुसऱ्या बाईच्या तोंडून देण्यात आलं. वेळ देवळातल्या घड्याळाची आहे. ते घड्याळ तुमच्याच यात्रा कमिटीनं बसवलेलं आहे, तेव्हा ते पुढं चालतं असं आता म्हणू नये.

हे आधी लिहून टाकलं, कारण ख्यालीखुशालीनं सुरुवात केली की माणूस मवाळ होतो. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, तक्रार उभ्यानं सांगावी आणि क्षमा बसून मागावी. मी हे पत्र ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.) आता रीत पाळते. वेशीजवळच्या घरातून तुमच्या मुक्तावहिनीचा नमस्कार. मानाचा आहे, प्रेमाचा समजू नये. तुमची शुगर कशी आहे? यात्रेत बुंदीची चव बघायला तुम्ही एका पंगतीला नव्हे, सगळ्याच पंगतींना बसलात, हे मला दिसलं. जाऊबाईंच्या गुडघ्याला आराम असावा. आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत असूनही हे पत्र पोस्टानं येतं आहे याचं नवल वाटून घेऊ नका. भिंतीवरून दिलं असतं तर ते बोलणं झालं असतं, आणि मी रविवारपासून तुमच्याशी बोलत नाही.

मूळ रीत तुम्हांला ठाऊक आहे. पण तुमच्या वागण्यावरून ती तुम्ही विसरलेले दिसता, म्हणून पुन्हा लिहिते. चैत्राच्या यात्रेत भैरवनाथाची पालखी गावाभोवती फिरते, त्याला आपण छबिना म्हणतो. चार कोपऱ्यांना चार घरं मानाची. प्रत्येक घरासमोर पालखी थांबते, भोयांतला सहादेव पुढं येऊन आरोळी देतो, ‘घर जागं हाय का?’ आणि त्या घरातली वडीलधारी बाई उत्तर देते, ‘जागं हाय, नाथा, पुढं व्हा.’ उत्तर आल्याशिवाय पालखी पाऊल टाकत नाही. शेवटचं घर वेशीजवळचं, म्हणजे माझं. सासूबाई गेल्यापासून हे उत्तर मी देते आहे. (पुरुषानं का नाही द्यायचं, असं मी नवी असताना ह्यांना विचारलं होतं. ह्यांनी कूस बदलून उत्तर दिलं. तुमचे थोरले बंधू आसारामराव देवमाणूस होते, पण आमच्या अख्ख्या संसारात छबिन्याला ते एकदाही जागे नव्हते. पालखी दारात, हलगी कडाडतेय, आणि आत घोरणं. त्या घरात जागं माणूस एकच होतं.)

आणि मला जागणं जड गेलं नाही, कारण माझं पोटच जागण्यावर चाललं. नगरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ट्रंक कॉल जोडत होते. इंग्रजी येतं म्हणून कॉन्व्हेंटच्या पोरींना ती नोकरी पटकन मिळायची आणि लग्न झालेल्या म्हणून रात्रपाळीही पटकन मिळायची, त्यामागचा न्याय मला आजवर समजला नाही. उभा जिल्हा झोपलेला असताना राजूरच्या बाळंतिणीची खबर मुंबईला आणि मुंबईच्या मयताची खबर देवळाली प्रवऱ्याला मी पोचवलेली आहे. दोन्ही कानांवर यंत्र, समोर दिवे. मला कुणी जाग्यापणाबद्दल शिकवू नये.

तर या वर्षी तुमच्या कमिटीनं ठरवलं की छबिना दुपारी चार वाजता काढायचा. मला बैठकीला बोलावलं नाही. मला कळलं ते मोबाईलवर, गावाच्या ग्रुपवर, खाली सतरा भगवे झेंडे आणि एक नाचणारा उंट. (उंट कशासाठी, हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही.) कारण असं, की रात्री दहानंतर डीजे वाजवायला बंदी आहे, आणि नागापूरच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना सोमवारी सकाळची पाळी आहे. म्हणजे देवासाठी डीजे नव्हे, डीजेसाठी देव लवकर निघाला. मी ग्रुपवर सभ्य भाषेत हरकत घेतली. तुम्ही तिला अंगठा दाखवलात. तो होकाराचा अंगठा असतो असं तुमच्या सुनेनं, दिपालीनं मला नंतर समजावलं, पण हरकतीला होकार देऊन पुन्हा तेच करणं, याला आमच्या वेळी वेगळं नाव होतं.

म्हणून मी एसटीनं नगरला गेले, वाचनालयात बसले आणि जुना जाडजूड कोश काढून घेतला. तुम्हांला मी तेव्हाही सांगत होते, तुम्ही मांडववाल्याशी बोलत होता. आता कागदावर ऐका. छबिना हा देवाचा शब्दच नव्हे. तो फौजेचा शब्द आहे. फारसीत शब म्हणजे रात्र, आणि शबीना म्हणजे रात्रीचा. आपल्या जिभेनं त्याचा छबिना केला. फौजेचा तळ पडला, की हजारो माणसं, घोडी, बैल झोपी जायचे, आणि थोडे स्वार रात्रभर तळाभोवती घिरट्या घालत राहायचे. त्या पहाऱ्याला छबिना म्हणत. आपल्या या माळांवर कुणाकुणाचे तळ पडले नाहीत? निजामशाहीचे पडले, मोगलांचे पडले, मराठ्यांचे पडले. प्रत्येक तळाभोवती कुणीतरी डोळ्यांत तेल घालून फिरलेलं आहे. मग फौजा गेल्या, आणि कोशात त्याच शब्दापुढं दुसरा अर्थ आला, देवाची रात्रीची मिरवणूक. पहिल्या अर्थापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता कोशात नाही, तो मी माझ्या बुद्धीनं भरला आहे. तळ उठले, पण फिरणाऱ्यांची सवय गेली नसावी. देवाला मधे घेऊन ते तसेच फिरत राहिले असतील. आणि पुरुष मोहिमांवर असायचे, म्हणून घरातून उत्तर बाईनं द्यायचं. (याला माझ्याकडं पुरावा नाही. तुमच्याकडं याच्या उलटही पुरावा नाही.)

मला हे सुचलं कारण मी भिंगारच्या कॅम्पात वाढले. वडील तिथं शिंपी होते. रात्री आमच्या खोलीच्या मागून पहारेकऱ्याची हाळी यायची, ‘हुकुमदार!’ साहेब लोकांच्या ‘हू कम्स देअर’चं आमच्या शिपायांनी ते करून टाकलं होतं. उत्तर आलं की पुढची पावलं वाजायची आणि आम्ही भावंडं कूस बदलून झोपायचो. कुणीतरी विचारतं आहे, कुणीतरी उत्तर देतं आहे, म्हणून आपण झोपायचं. लग्न होऊन या गावात आले, पहिल्याच चैत्रात अंधारातून सहादेवच्या बापाची आरोळी आली, सासूबाईंनी ओसरीवरून उत्तर दिलं, आणि मला रडू आलं. तुम्हांला वाटलं माहेरची आठवण आली. माहेरच आलं होतं, दारात, पालखी घेऊन.

यावर तुम्ही मला काय म्हणालात? ‘वहिनी, शब्दाचे अर्थ बदलत असत्यात. काळाबरोबर चालावं मानसानं.’ बदलोत ना! मी कुठं म्हणते घोडेस्वार आणा? फौजेचा शब्द देवाकडं गेला तेव्हा तलवार गेली, पण रात्र राहिली, जागणं राहिलं, विचारणं राहिलं. तुम्ही रात्र काढलीत, त्याबरोबर जागणं गेलं, आणि डीजे लावून विचारणंही बुडवलंत. उरलं काय? ट्रॅक्टर.

आता रविवारचा दिवस. मी नऊवारी नेसून, दिवटीला तेल घालून चार वाजता ओसरीवर बसले. ऊन असं की दिवटी पेटवायला काडी नको होती. शेजारी कडूबाई. आधी आमच्या मांडणीवरची पातेली थरथरायला लागली, मग खिडकीची काच, मग माझी कवळी. त्यानंतर ओमच्या डीजेचा ट्रॅक्टर वेशीतून आला. (हा ओम, ज्याला लहानपणी कुकरच्या शिट्टीची भीती वाटायची.) त्याच्या मागं नाचणारे, त्यांच्या मागं आणखी नाचणारे, आणि सगळ्यांत मागं, जसा वरातीत कर्जवसुलीवाला यावा तसा, आपला भैरवनाथ. पालखी माझ्या दारासमोर आली, क्षणभर हलली-डुलली आणि पुढं गेली. कुणी विचारलं नाही. कडूबाई म्हणते, ‘इचारलं की वो, म्या सोता बघितलं, सहादेवनं त्वांड उघाडलं हुतं!’ तोंड सगळेच उघडतात. हल्ली या गावात कुणी धड उच्चारच करत नाही, सगळे आपले ओठातल्या ओठात पुटपुटतात. त्यात माझा काय दोष?

मी दिवटी पेटवली आणि निघाले. पालखीच्या पुढं जायचं तर मागची गल्ली, म्हणजे कडूबाईचा गोठा. तिथं तिची म्हैस आडवी. तिला मी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितलं, इंग्रजीत उठली. पुढच्या बोळात पोचले तर बायका घोळक्यानं उभ्या. भरउन्हात पेटती दिवटी, सुटलेला अंबाडा, घामानं पसरलेलं कुंकू आणि एका हातात उचललेला नऊवारीचा घोळ पाहून त्यांनी एकच निष्कर्ष काढला, की माझ्या अंगात आलं आहे. दोघी पाया पडल्या. तिसरीनं वाटच अडवली, ‘आये, माज्या आरतीचं लगीन कवा व्हईल?’ मला वेळ नव्हता. मी ‘मे महिन्यात’ म्हणाले आणि पुढं पळाले. (त्या माणसांनी आता मंगल कार्यालय शोधायला घेतलं आहे. नवरा अजून मिळालेला नाही. हेही तुमच्याच कमिटीच्या खाती मांडते.)

देवळाशी मी आधी पोचले आणि पायरीवर बसले. नाचणारे आले, ट्रॅक्टर आला, पालखी आली. मी दिवटी ओमच्या वायरींजवळ अगदी थोडी नेली, आणि डीजे आपोआप थांबला. गावात इतकी शांतता झाली की लोकांना ती सहन होईना. सहादेवनं मला पाहिलं, पालखीच्या दांड्याखालचा खांदा बदलला, आणि माझ्यासमोर येऊन, बापासारखी छाती भरून आरोळी दिली, ‘वेशीवरचं घर, जागं हाय का?’

ती मला लख्ख ऐकू आली. आणि मी सांगितलं, ‘रात्री विचार. दुपारी कुणीबी जागं असतंय.’

तुम्ही धावत आलात. तुमचा फेटा मागं राहिला होता. ‘वहिनी, काय ह्ये! समद्या गावाम्होरं!’ मी म्हटलं, मी कुठं कुणाला अडवलं आहे? मी फक्त उत्तर दिलेलं नाही. सूर्य मावळू दे, चांदणी दिसू दे, मग हाच प्रश्न विचारा. त्यावर सहादेवकडं पाहून तुम्ही म्हणालात, ‘चल रं, घे वर पालखी.’ तो हलला नाही. ‘रीत हाय, तात्या. आमी ऱ्हातो हुबं. नाथाला काय घाई न्हाई, तुमालाच हाय.’ बाकीचे भोईही हसले. एकानं तर सांगितलं की उभं राहण्यात त्रास नाही, नाचणाऱ्यांमागं रांगण्यात त्रास होता. गावानं तासभर थांबायची तयारी दाखवली होती, भाऊजी. चहाची किटली यायला लागली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळं गाव एकाच गोष्टीची वाट बघत बसलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे अंधार.

तेवढ्यात तुम्ही ओमचा माईक आणलात आणि तुमच्या सुनेच्या, दिपालीच्या हातात दिलात. ‘एकाच घरच्या हायेत दोघी. तिनं म्हनलं काय आन् हिनं म्हनलं काय.’ पोरगी लाल झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं, तुमच्याकडं पाहिलं, सगळ्या गावाकडं पाहिलं. तिचे ओठ हलले, आणि पालखी माझ्या शेजारून वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजवर त्या उत्तराला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, कारण ते उत्तर म्हणजे भाषण नव्हतं. पहारेकऱ्याला कुणी टाळ्या वाजवतं का?

मंगळवारी तुमचे दोन सदस्य येऊन सांगून गेले की पुढच्या यात्रेत कमिटीतर्फे माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं घाटतं आहे. निरोप पोचला. उत्तर असं, की सत्कार संपलेल्या माणसांचा करतात. मी संपलेली नाही. शाल परत करा, नारळ फोडून खा, शुगरला चालतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. पुढच्या चैत्रात छबिना रात्री निघेल. दिवट्या असतील, हलगी असेल, ट्रॅक्टर शेतात असेल. सहादेव विचारील आणि मी उत्तर देईन. कमिटीला हे मान्य नसेल, तर मी कुठं बसते ते तुम्हांला आता माहीत आहे, आणि पुढच्या वेळी सतरंजी घेऊन येईन.

लहानांना आशीर्वाद, थोरांना त्यांच्या त्यांच्या लायकीप्रमाणे.

तुमची वहिनी,
मुक्ताबाई आसाराम ठोंबरे

ता. क. – माझ्या दारात सहादेवनं विचारलं नाही असं मी वर लिहिलं आहे. काल तो स्वतः येऊन शपथ घेऊन गेला, की त्यानं दोनदा विचारलं होतं आणि मी समोर बघत बसून राहिले होते. तो खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. डीजेचा आवाज होता, हे माझं म्हणणं तरीही कायम आहे. नगरच्या कानाच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते दिवाळीपासून तेच म्हणत आहेत. त्यांनी दिलेलं यंत्र डबीत आहे. ते शिट्टी वाजवतं, आणि मी शिट्टी वाजवणाऱ्याला आयुष्यात कधी कानाशी लावून घेतलेलं नाही.

दुसरा ता. क. – दिपालीवर राग नाही, असं तिला सांगू नका. मी सांगितलं आहे. ती रविवारपासून रोज डबा घेऊन येते. (स्वीकारते, पण निषेध नोंदवून.) काल ती ओसरीवर बसली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, मी माईकमधी नुस्तं ओठ हलवलं. आवाजच निघाला न्हाई माझा. तुमी व्हत्या ना बसलेल्या.’ म्हणजे भाऊजी, तुमच्या पालखीला कुणीच उत्तर दिलेलं नाही. ती टाळ्यांवर वर गेली. हे मी गावात सांगितलेलं नाही. अजून.

तिसरा आणि खरा ता. क. – आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. पुढच्या छबिन्याला दिपाली माझ्याशेजारी ओसरीवर बसेल, रात्रभर. सहादेव आला की ती माझ्या खांद्याला हात लावील, आणि मी उत्तर देईन. ज्या वर्षी तिनं हात लावूनही मी उत्तर देणार नाही, त्या वर्षी ती देईल. माईकशिवाय, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, जागी आहे म्हणून. ती तयार आहे. मी तिला विचारलं, तेव्हा ती मोठ्यानं ‘व्हय’ म्हणाली, भिंतीपलीकडं तुम्हांला ऐकू गेलं असेल. आता तुमची परवानगी हवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक तिच्यावर पडणार नाही याची हमी हवी. चुलीशी तुम्ही उभं राहायचं. जाऊबाईंचा गुडघा पुढं करू नये.

उत्तर अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, बुधवार, ३० एप्रिलला सायंकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, आणि ते लेखीच पाहिजे. भिंतीवरून ओरडून सांगितलंत तर मला ते ऐकू येणार नाही.